पाय भुईला लावायचा नाय

“हर्निया म्हंजे काय रे? ट्यूबला आलेला फुगा! कापायचा, ठिगळ मारायचं, हवा भरायची, सायकल परत रस्त्यावर. पुढच्या आठवड्यात आसनगाव स्टेशनापर्यंत जाऊन चहा पिऊन येतो का नाय बघ!”

ऑपरेशन नुकतंच उरकलं होतं. अनंता वेखंडे शहापूरच्या दवाखान्यात खाटेवर उताणा पडून आपल्या मेव्हण्याला, धसईच्या शेखरला, हे ठणकावून सांगत होता. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान, त्यामुळे जगातली सगळी दुखणी त्याला ट्यूबमध्येच दिसायची. शिवाय कमरेखालचं अंग सुईनं बधिर केलेलं, म्हणून कमरेवरचं अंग फार शूर झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तपकिरीची डबी उघडली. तपकिरीनं चढायला आणि भुलीनं उतरायला एकच मुहूर्त गाठला.

अनंता शिंकला.

त्याला आधी काजवे दिसले, मग वारलेले वडील दिसले, मग नर्स दिसली.

“आजोबा, शिंक आली, खोकला आला की उशी घ्यायची आणि पोटाशी घट्ट दाबून धरायची. दोन्ही हातांनी. काय? दोन्ही हातांनी.”

दुखण्यापेक्षा अनंताला ‘आजोबा’ जास्त लागलं. पन्नाशी ओलांडून त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यानं नर्सला सुनवायला तोंड उघडलं, पोटातनं आवाज काढला, आणि आवाजाच्या जागी पुन्हा काजवेच निघाले. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की माणसाचा राग डोक्यातनं येतो हे सगळं खोटं. राग पोटातनं येतो. आणि त्याचं पोट तर शिवून टाकलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं: वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही, मोठ्यानं हसायचं नाही, ओरडायचं नाही. हसण्याचं अनंताला काही वाटलं नाही, तो तसाही हसत नसे. पण ओरडायचं नाही? आपल्या गावात, मोहपाड्यात, अनंता बांधावरनं एक हाळी घालायचा आणि पलीकडच्या वाडीतली गुरं आपापल्या घरी निघायची. तो माणूस आता कुजबुजत रागवायला लागला. आणि कुजबुजून केलेला राग कुणी राग म्हणून धरत नाही, हा शोध लागल्यावर त्याचा राग दुप्पट झाला.

राग यायला कारणंही काही कमी नव्हती. मुळात हर्निया आला तोच हितेशमुळे. हा हितेश म्हणजे मोहपाड्याच्या नवरात्र मंडळाचा अध्यक्ष. आधी मंडळाला अध्यक्ष नव्हता, कामं होत होती. मागच्या नवरात्रात यानं कपाटाएवढा स्पीकर भाड्यानं आणला. टेम्पोतनं उतरवताना “काका, जरा हात लावा” बोलला. काकांनी लावला. दोघांनी उचलला, आणि स्पीकर अधांतरी असताना हितेशला वाटलं की हा क्षण फोटो काढण्याजोगा आहे. त्यानं आपली बाजू सोडून खिशातनं मोबाईल काढला. फोटो फार छान आला. त्यात अनंता एकटा स्पीकर धरून उभा आहे, डोळे बाहेर आलेत, आणि खाली लिहिलंय, ‘जोश तोच!’

जोशाचा फुगा वर्षभर जांघेत वागवून, यंदाची भाताची आवणी उरकल्यावर श्रावणात अनंतानं कापून घेतला. मग भेटायला येणारे सुरू झाले. जो यायचा तो बिस्किटाचा एक पुडा आणि हर्नियानं मेलेला एक ओळखीचा माणूस घेऊन यायचा. पुडा ओटीवर ठेवायचा आणि माणूस अनंताच्या उशाशी.

शेजारची धोंडूबाई आली ती थेट मुद्द्यावरच आली. “अन्या, पोटात जाळी बसवली म्हनं तुझ्या. खिडकीची का कोंबड्यांची?”

“दाजी, एक ध्यानात ठेवा,” शेखर बोलला. त्याला स्वतःला जुना हर्निया होता, तो त्यानं टॉवेल आणि पट्टा बांधून बारा वर्षं अडवून ठेवला होता, त्यामुळे त्याचा शब्द जाणकाराचा. “पावसात भिजू नका. जाळी गंजंल.”

“प्लास्टिकची हाये ती,” अनंता दात खाऊन कुजबुजला.

“प्लास्टिकची? मंग चुलीपुढं बसू नका.”

“चालते व्हा माझ्या घरातनं,” अनंता म्हणाला. खरं तर हे वाक्य छप्पर हलवायला निघालं होतं, पण टाक्यांशी अडकून निम्मं आत राहिलं आणि बाहेर आलं ते अगदी अंगाईसारखं.

धोंडूबाईनं गालावर हात ठेवला. “बघ गो कमळ, डॉक्टरनं फुग्याबरोबर याचा रागबी कापून काढला. बोलतो कसा, जसा साखरंचा.”

कमळ, अनंताची बायको, तिला नवऱ्याचा राग बिनआवाजाचाही ओळखू यायचा. पण संसारात पहिल्यांदा घर शांत होतं, ती कशाला बोलते! तिनं फक्त उशी पुढं सरकवली. ती उशी तिनं खास शिवली होती, लाल अभ्र्यावर समोरासमोर दोन पोपट आणि मध्ये ‘सुस्वागतम’. खोकला आला की पोपट पोटाशी. ठसका लागला की पोपट पोटाशी. हळूहळू अनंताच्या हातांना असं वळण पडलं की शेजारी कुणी शिंकलं तरी याचे दोन्ही हात उशी शोधायचे.

आणि सायकल? बापाची काळी, दांडीवाली, उंच घोडा सायकल पडवीच्या खांबाला टेकून ठेवली होती, ती श्रावणात. भादव्यात अनंता काठी टेकत पडवीत आला तर सायकल दिसेना. तिच्या जागी घोसाळ्याचा वेल होता. मागच्या चाकातनं चढून, दांडीला वेढे घालून, हँडलवर दोन्ही बाजूंना घोसाळी सोडून झोकात उभा होता.

“हे काय हाये?” अनंता.

“वेल.”

“माझ्या सायकलवर?”

“मांडव घालायला माणूस होता का घरात? तो खाटेवर होता.” कमळनं पानं बाजूला करून एक घोसाळं तोडलं. “हात लावू नका, फुलोऱ्यावर हाये. तुमचं काय, तुमी थोडीच फुलोऱ्यावर हाव.”

त्या दिवशी ताटात घोसाळ्याची भाजी आली. अनंतानं ती खाल्ली. आपल्याच सायकलची भाजी खाताना माणसाला काय वाटत असेल, ते त्यानं चावून चावून मनातच ठेवलं.

आता नवरात्र तोंडावर आलं होतं, आणि सगळा जीव अडकला होता तो तिथं.

मोहपाड्याची एक रीत आहे. घटस्थापनेला गावदेवीच्या घटापुढचा दिवा पेटतो तो सिद्धगडाच्या पायथ्याच्या देवळातून आणलेल्या ज्योतीनं. बाकीची गावं ज्योत पळत आणतात, हल्ली मोटारसायकलवर आणतात. मोहपाड्यात ती सायकलवर येते. एका हातात मशाल, एका हातात हँडल, आणि एकदा ज्योत हातात घेतली की पाय भुईला लावायचा नाय. टप्प्याटप्प्यावर माणूस बदलतो, पण तोही चालत्या सायकलीवर, या हातातून त्या हातात. किन्हवलीपासून मंडपापर्यंतचा शेवटचा टप्पा वेखंड्यांचा. आधी अनंताच्या बापाचा, सावळारामाचा, आणि तो गेल्यापासून अनंताचा.

ही रीत सावळारामानंच पाडली. तीही अशी पडली, की पहिल्या वर्षी त्याच्या सायकलला ब्रेक नव्हते. थांबताच येईना, म्हणून तो कुठं थांबला नाही. मंडपाशी चार जणांनी धरला तेव्हा सायकल थांबली. लोक म्हणाले, बघा, पाय भुईला लावला नाय, काय नवस बोलला असंल! सावळारामही नाही म्हणाला नाही. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि कुणी ते बोलत नाही. रीत म्हणतात ती यालाच.

म्हणून फाट्यावर हितेशनं लावलेला बॅनर बघून अनंताच्या टाक्यांना रग लागली. बॅनरवर मंडळाच्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो, मध्ये हितेश हात जोडून, आणि वरच्या कोपऱ्यात एकटा, गोल चौकटीत, झेंडूच्या माळेत अनंता. खाली ‘आमचे आधारस्तंभ’. फोटो आधार कार्डावरचा.

दुसऱ्या दिवशी शेखर पांढरी टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून एसटीतनं उतरला. अनंताला पडवीत दाढी करताना बघून बिचकला.

“दाजी, तुमी हाव?”

“मंग कोण असणार हितं?”

“नाय, एसटीतनं बॅनर बघितला कुणीतरी, धसईत सांगितलं...” शेखरनं टोपी काढून खिशात कोंबली. “आता आलोच हाये तर जेवून जातो.”

अनंता त्याच पावली, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, समाजमंदिरात गेला. तिथं मंडळाची बैठक चालू होती. पोरं खुर्च्यांवर, गावातली बाकी माणसं सतरंजीवर.

“या काका, या!” हितेश उठला. “तुमचीच गोष्ट चालली होती. यंदा तुमी टेम्पोत, पुढच्या सीटवर. ज्येष्ठ मार्गदर्शक.”

“आणि ज्योत?”

“त्याचंबी ठरलं. आता रस्त्यात वारा असतो, परतीचा पाऊस असतो, कुठं विझायची भानगड! आपण टेम्पोवर एलईडीची मशाल लावू. लांबनं खरीच दिसते. मंडपात आल्यावर पेटवू की खरी.”

“कशानं?”

हितेशनं खिशातनं लायटर काढून टिक करून पेटवून दाखवला. “हे काय! देवीला कुठं कळतं काका, दिवा कशानं पेटला ते!”

यावर अनंता जे बोलला असता, ते गेल्या वर्षी असतं तर किन्हवलीपर्यंत ऐकू गेलं असतं. समाजमंदिराचे पत्रे निघाले असते. आता त्यानं ते सगळं घोट घोट गिळलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, गालावरचा साबण थरथरला, आणि शेवटी हलक्या आवाजात एवढंच निघालं, “शेवटचा टप्पा वेखंड्यांचा हाये.”

“काका, तुमच्या तब्बेतीसाठीच...”

“माझी तब्बेत ज्यानं बिघडवली त्यानं तिची काळजी करू नये.”

सतरंजीवर खसखस पिकली. मग ठरलं की अनंतानं सगळ्यांसमोर सायकलवर बसून दाखवायचं. बसला तर टप्पा त्याचा. नाही बसला, तर टेम्पो.

कमळच्या हातापाया पडून, घोसाळ्याचा वेल हळूच सोडवून, अनंतानं काळी सायकल समाजमंदिरापुढं आणली. हँडलला एक चुकार घोसाळं तसंच लटकत होतं. आठवड्यापूर्वी डॉक्टरनं सांगितलं होतं, “सायकल चालवा, पण सपाट रस्त्यावर, आणि टांग मारून बसू नका.” अनंतानं विचारलंही होतं की सपाट रस्ता आमच्या तालुक्यात कुठं आहे तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या, देवदर्शन म्हणून जाऊन येतो. डॉक्टरनं ते लिहून दिलं नाही.

अनंतानं एक पाय पायडलवर ठेवला, दोन ढांगा पुढं ढकलली आणि दुसरी टांग मारली. टांग कॅरिअरपर्यंत गेली. तिथं पोटात काहीतरी म्हणालं, “बस.” टांग तिथंच राहिली. वर जाईना, खाली येईना. एका पायावर बगळा, हातात हँडल, हँडलला घोसाळं. हितेशनं मोबाईल काढला.

“काढ फोटो,” अनंता घामाघूम होऊन कुजबुजला, “काढ. एक दिवस तो मोबाईल तुझ्याच...” पुढचं टाक्यांनी ऐकू येऊ दिलं नाही.

चार जणांनी त्याला पायासकट उचलून खाली ठेवलं. धोंडूबाई गर्दीतनं बोलली, “दांडीवरनं टांग जात नाय तर बिनदांडीची घ्या की. पोरीची हाये ना, लेडीज!”

समाजमंदिर हसून हसून लोळलं. अनंताची पोरगी मनस्वी दहावीत होती, ती शाळेतून येता येता गंमत बघायला तिथंच सायकल धरून उभी होती. तिला शाळेकडून जांभळी सायकल मिळालेली, पुढं बास्केट, मुठींना झिरमिळ्या, चाकांत रंगीत मणी. अनंतानं एकदा त्या सायकलीकडं बघितलं, एकदा हितेशच्या हातातल्या लायटरकडं बघितलं. माणसाची अब्रू कशात जास्त जाते याचा हिशोब त्यानं तिथल्या तिथं केला, आणि जांभळ्या सायकलवर पाय आत घालून बसला. समाजमंदिराला एक चक्कर मारली. पोटानं काही म्हटलं नाही.

“बसलो,” तो बोलला.

हितेशला कबूल करावं लागलं. मनस्वीनं मात्र तिथंच बजावलं, “बाबा, मणी काढायचे नाय, झिरमिळ्या काढायच्या नाय. आणि माझ्या सायकलला ब्रेक हायेत. आजोबांसारखं व्हायचं नाय.”

सगळं गाव एकदम खोकायला लागलं. जे कुणी बोलत नाही ते पोरगी बोलली होती.

घटस्थापनेच्या दिवशी पहाटेच ज्योत सिद्धगडाहून निघाली. म्हसा, मुरबाड, सरळगाव असं करत, या हातातून त्या हातात. किन्हवलीच्या अलीकडं अनंता जांभळ्या सायकलवर हळूहळू घोटाळत होता. गळ्यात उशी. ती त्यानं घरातनं निघताना तीनदा बास्केटमधनं काढून फेकली होती, म्हणून कमळनं शेवटी नाडी लावून त्याच्या गळ्यातच अडकवली, शाळेच्या पोराच्या वॉटरबॅगसारखी. “मेलात तर चालंल,” ती बोलली, “टाके तुटले तर मला पुन्हा दवाखान्यात डबे न्यायचे नायत.”

मागच्या टप्प्याचा प्रज्वल जोरात पायडल मारत आला. चालता चालता मशाल अनंताच्या उजव्या हातात आली. हाताला ते वजन लागलं, तोंडावर ती धग आली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा अनंताला आपण माणूस असल्यासारखं वाटलं.

ते किन्हवलीच्या फाट्यापर्यंतच टिकलं. मागनं हितेशचा टेम्पो आला, टेम्पोवर तोच कपाटाएवढा स्पीकर, आणि हितेशच्या हातात माइक.

“आणि आता शेवटच्या टप्प्यात आपले काका! नुकतंच हर्नियाचं यशस्वी ऑपरेशन होऊनसुद्धा काका ज्योत आणत हायेत! टाळ्या!”

अनंतानं मागं वळून बघितलं. ओरडता येत नव्हतं, आणि मशालीचा हात हलवला की तेल सांडत होतं, म्हणून त्यानं डोळ्यांनीच शिवी दिली. हितेशला वाटलं काका खूश झाले. त्यानं आवाज वाढवला. मग प्रत्येक गावात, प्रत्येक वाडीत, प्रत्येक बसस्टॉपवर अनंताची जांघ अनंताच्या आधी पोचायला लागली. बाया ओवाळायला ताट घेऊन उभ्या, आणि ओवाळता ओवाळता विचारायच्या, “उजवीकडं का डावीकडं?” एक म्हातारा बराच वेळ सायकलीबरोबर चालत आला आणि आपल्या मोठ्या भावाच्या हर्नियाची हकीगत सांगून, भाऊ मेला तिथं थांबला.

रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. गेल्या उन्हाळ्यात कुणा ठेकेदारानं डांबर टाकलं होतं. पहिल्या पावसानं ते उचलून शेतात नेऊन टाकलं, पिकाला तरी उपयोग व्हावा म्हणून. आता खड्ड्यांच्या मधे मधे रस्ता होता. प्रत्येक खड्ड्याला हितेश माइकवर “काका, खड्डा!” ओरडायचा, तेव्हा काका त्या खड्ड्यात असायचे. मणी खळखळायचे, झिरमिळ्या उडायच्या, पोपट छातीवर आपटायचे. आणि अनंता आतल्या आत हितेशच्या, ठेकेदाराच्या, डॉक्टरच्या आणि ज्यानं स्पीकर शोधून काढला त्याच्या सात पिढ्या शांत आवाजात उद्धरत पुढं चालला होता.

मोहपाड्याच्या अलीकडं ओढ्याच्या मोरीवर म्हशी आडव्या आल्या. कळपच होता, आणि म्हशींना घाई नव्हती. थांबायची सोय नाही. अनंतानं सायकल वळवली आणि मोरीच्या तोंडाशी गोल गोल चकरा मारायला लागला. एका हातात मशाल, गळ्यात उशी, जांभळी सायकल. आणि त्याच्या बाजूनं, त्याच गोलातनं, शेखर धावायला लागला. तो मंडपाकडं निघाला होता, वाटेत दाजी दिसले. हातात त्याचा स्वतःचा हर्नियाचा पट्टा.

“दाजी, पट्टा बांधा! चकरा मारताना आतडं सरकतं!”

“सरक बाजूला!”

“मी धावत धावत बांधतो, तुमी नुसता सदरा वर करा!”

“शेखर, मी तुझ्या बहिणीची शपथ घेऊन सांगतो...”

“शपथ नंतर घ्या, आधी श्वास घ्या!”

“काका मोरीवर देवीला प्रदक्षिणा घालत हायेत!” हितेश माइकवर बोलला. टेम्पोतल्या पोरांनी जयजयकार केला. मोरीवर देवी नव्हती. म्हशी होत्या. त्यातल्या एकीनं शेखरच्या हातातला पट्टा चाटून बघितला, तोंडात धरला आणि चालती झाली. शेखर स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून तिच्यामागं गेला, आणि वाट मोकळी झाली.

अनंतानं शेवटचा चढ मारला. जोर करायचा नाही, असं सांगितलं होतं. त्यानं जोर केला नाही, राग केला. वर्षभराचा स्पीकर, दोन महिन्यांची कुजबुज, घोसाळ्याची भाजी, झेंडूची माळ, सगळं त्यानं पायडलवर काढलं, आणि जांभळी सायकल कधी नव्हे ती अशी पळाली की वर येईपर्यंत टेम्पो मागं राहिला. स्पीकरचा आवाज मागं राहिला. वर आला तर समोर गाव, मंडप, पताका. हातातली ज्योत जिवंत होती. पाय भुईला लागला नव्हता. सावळारामाला ब्रेक नव्हते, याला होते, तरी यानं लावले नव्हते.

मंडपापाशी दोघांनी सायकल दोन्ही बाजूंनी धरली. अनंता पायडलवरच. कमळ ताट घेऊन पुढं आली, धोंडूबाईनंही पदर सावरून हात जोडले. शेजारी प्रसादाच्या शिऱ्याचा भला मोठा टोप नुकताच चुलीवरून उतरवून ठेवलेला. भटजींनी घटापुढचा दिवा पुढं केला. वातीपासून ज्योत हातभर अंतरावर होती. अनंतानं छाती भरून श्वास घेतला. आता, निदान एकदा, मोठ्यानं बोलायचं, टाके गेले खड्ड्यात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचं, की शेवटचा टप्पा...

तेवढ्यात टेम्पो येऊन पोचला. हितेशनं यंदा गुलाल उडवायचं मशीन भाड्यानं आणलं होतं. त्यानं ते चालू केलं.

अनंताला शिंक आली. दवाखान्यात शिकवलं होतं तशी त्यानं उशी पोटाशी दाबून धरली. दोन्ही हातांनी.

टाके शाबूत राहिले. पाय भुईला लागला नाही. ज्योत शिऱ्याच्या टोपात पडली, आणि त्या वर्षी घटापुढचा दिवा हितेशच्या लायटरनं लावला.